आधी सावली, मग सोलर

मे महिन्याच्या मध्यावर मुंबई-पुण्याला आणि शेवटच्या आठवड्यात नागपूरला एक दिवस असा येतो, की भर दुपारी उभ्या काठीची सावली काठीच्या पायाशीच विरून जाते. शून्य सावलीचा दिवस. शाळेतली मुले मैदानात बाटल्या उभ्या करून ही गंमत पाहतात. घर बांधायला निघालेल्याने ती गच्चीवर जाऊन पाहावी. सूर्य डोक्यावर असताना दक्षिणेच्या भिंतीवर ऊन जवळजवळ पडतच नाही, पूर्वेची आणि पश्चिमेची भिंत अर्धा-अर्धा दिवस वाटून घेतात, आणि छत मात्र सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटे भाजत राहते. निरभ्र दुपारी आडव्या पृष्ठभागावर चौरस मीटरला सुमारे हजार वॉट ऊन पडते. हजार चौरस फुटांच्या गच्चीवर म्हणजे नव्वदेक किलोवॉट. दहा हॉर्सपॉवरच्या बारा पिठाच्या गिरण्या एका वेळी चालतील एवढी शक्ती. अलीकडे या शक्तीकडे आपले लक्ष गेले आहे ते एकाच अंगाने: ती पकडून वीज कशी करायची. तीच शक्ती पॅनेल नसलेल्या प्रत्येक इंचातून घरात उतरते आणि ती परत बाहेर काढण्यासाठी आपण वीज जाळतो, हे दुसरे अंग बांधकामाच्या अंदाजपत्रकात कुठेच येत नाही.

सोलरला आज चांगले दिवस आहेत. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्राने पंतप्रधान सूर्यघर मोफत वीज योजना आणली. तरतूद ७५ हजार कोटींहून अधिक, उद्दिष्ट एक कोटी घरांचे. पहिल्या दोन किलोवॉटना प्रत्येकी ३० हजार आणि तिसऱ्याला १८ हजार, असे जास्तीत जास्त ७८ हजार रुपये अनुदान मिळते. दहा किलोवॉटपर्यंतच्या अर्जांना तांत्रिक व्यवहार्यतेची तपासणी उरलेली नाही. सातारा जिल्ह्यात पाटण तालुक्यातली मान्याचीवाडी हे सुमारे शंभर घरांचे गाव राज्यातले पहिले सौरग्राम झाले. यातल्या कशाविषयीही तक्रार नाही. तक्रार आहे ती क्रमाविषयी. नवे घर बांधणारा माणूस आधी उघडा स्लॅब टाकतो, पहिल्याच उन्हाळ्यात वरच्या खोलीत एसी लावतो, बिल पाहून दचकतो आणि मग त्या एसीला पोसण्यासाठी सोलर बसवतो. छताने आत टाकलेली उष्णता बाहेर काढण्यासाठी त्याच छतावर कारखाना उभारण्याचा हा उद्योग आहे. छत आधी थंड करावे आणि मग त्यावर वीज पिकवावी, आणि या दोन्ही गोष्टी स्लॅब पडण्यापूर्वी ठराव्यात, एवढेच या लेखाचे म्हणणे आहे.

उघडा स्लॅब ही आपल्याकडची तशी नवी वस्तू. मराठवाड्यातले माळवद किंवा खान्देशातले धाब्याचे घर यांच्या छतावर लाकडी तुळयांवर मातीचा जाड थर असे. दिवसभराचे ऊन तो थर पचवून टाकी आणि खोलीत पोहोचेपर्यंत ते निवालेले असे. कोकणात उतरत्या छपरावर कौले, कौलांच्या फटीतून खेळणारी हवा आणि खाली माळा. मंगळूरला बासल मिशनच्या कारखान्यात १८६५ पासून होऊ लागलेली यंत्रकौले किनाऱ्याने वर सरकत कोकणभर पसरली, पण तत्त्व तेच राहिले: वरचे पांघरूण तापले तरी राहती खोली आणि ते पांघरूण यांच्यामध्ये काहीतरी असायचे. यावरून जुने ते सोने असा सूर लावण्याचे कारण नाही. माळवद गळायचे, वाळवी लागायची, दर पावसाळ्याआधी माती टाकून चोपावी लागायची, आणि ती टाकणारे हात आता गावात नाहीत. कौलांवर माकडांनी मांडलेला उच्छाद कोकणात कुणाला सांगायला नको. स्लॅबने ही सगळी कटकट संपवली, वर मजला चढवायची सोय दिली, वाळवणाला जागा दिली. फक्त ऊन आणि खोली यांच्यामधले ते काहीतरी त्याने काढून घेतले, आणि त्याची भरपाई करायची आठवण कुणालाच राहिली नाही.

किती भरपाई हवी, याचा हिशेब अवघड नाही. भिंतीतून किंवा छतातून उष्णता किती वेगाने आत येते ते मोजायला वास्तुविद एक आकडा वापरतात: आत-बाहेर एका अंशाचा फरक असताना दर चौरस मीटरमधून किती वॉट पार होतात. सहा इंची उघड्या काँक्रीट स्लॅबसाठी हा आकडा तीनच्या वर जातो. विदर्भातल्या मे महिन्यात काळपट गच्चीचा पृष्ठभाग दुपारी साठ अंशांच्या आसपास तापतो. खोली बत्तीस अंशांवर ठेवायची म्हटली, तर हजार चौरस फुटांच्या स्लॅबमधून साडेसात-आठ किलोवॉट उष्णता खाली उतरण्याच्या वाटेवर असते. दीड टनाचा एसी पूर्ण जोर लावून जेमतेम सव्वापाच किलोवॉट उष्णता बाहेर फेकतो. म्हणजे खिडक्या, भिंती, स्वयंपाक आणि माणसे बाजूला ठेवली, तरी एकटे छतच दीड एसीला कामाला लावते. हा हिशेब ढोबळ आहे, कारण काँक्रीट उष्णता धरून ठेवते आणि ती काही तासांनी सोडते. पण या विलंबाने दिलासा मिळत नाही. दुपारचे ऊन संध्याकाळी आणि रात्री खोलीत उतरते, बाहेर वारा सुटलेला असताना आत छत शेगडीसारखे धगधगते, आणि एसी नेमका तेव्हाच चालतो जेव्हा सोलर झोपलेले असते.

केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने डिसेंबर २०१८ मध्ये निवासी इमारतींसाठी ‘इको निवास संहिता’ काढली. तिच्यात छतासाठीची मर्यादा आहे १.२. तीनच्या वरून १.२ वर येणे हे फार मोठे दिव्य वाटते, पण त्यासाठी लागणारी वस्तू इंचभर जाडीची आहे. दाट फोमची एक इंची पाटी, जिला बाजारात एक्सपीएस म्हणतात, वॉटरप्रूफिंगच्या थरांत नीट बसवली की आकडा एकाच्याही खाली येतो. आपल्याकडे सर्रास होणारा ब्रिकबॅट कोबा, म्हणजे विटांचे तुकडे मांडून त्यावर ओतलेला मसाला, पाण्यापुरता ठीक. उष्णतेच्या बाबतीत चार इंची कोबा तिनाचे दोन करतो आणि थकतो. तरीही बहुतेक ठेकेदार ‘कोबा केलाय, आता घर गार राहील’ असे छातीठोकपणे सांगतात. हे अर्धसत्य आहे, आणि दोन खोल्यांच्या घरात अर्धसत्याची किंमत दर महिन्याच्या बिलात दिसते. इंचभर पाटी आणि वर पांढरा पृष्ठभाग अशी जोडी जमली, तर तोच स्लॅब साठऐवजी पंचेचाळीस-अठ्ठेचाळीस अंशांवर थांबतो आणि साडेसात-आठ किलोवॉटचा लोंढा दीड किलोवॉटच्या आत येतो.

पांढऱ्या पृष्ठभागाची गोष्ट त्याहून सोपी, आणि म्हणूनच कदाचित कुणी मनावर घेत नाही. कोब्यावर चायना मोझॅक करायचाच असेल तर रंगीबेरंगी तुकड्यांऐवजी पांढरे तुकडे निवडायला जवळजवळ काहीच जास्त लागत नाही. विदर्भात उन्हाळ्याच्या तोंडावर गच्चीला चुना मारण्याची रीत आहे. एक ब्रश, एक बादली आणि एक सकाळ एवढ्यात ते काम होते. हैदराबादला इमारतींवर केलेल्या मोजणीत उघड्या काँक्रीटच्या छताला पांढरा लेप दिल्यावर थंडाव्यासाठी लागणारी वीज १० ते १९ टक्क्यांनी कमी झाली, काळ्या छतांवर त्याहूनही अधिक. त्याच तेलंगणने २०२३ मध्ये राज्याचे स्वतंत्र थंड छत धोरण केले. अहमदाबादने २०१३ च्या आपल्या उष्णता कृती आराखड्याला पुढे झोपडपट्ट्यांतील छते पांढरी करण्याची जोड दिली. यावर एक आक्षेप नेहमी येतो आणि तो खरा आहे: पांढरे छत पांढरे राहत नाही. धूळ बसते, पावसाळ्यात शेवाळ धरते, दुसऱ्या वर्षी चमक उतरते. म्हणून ज्या घरात वर्षातून एकदा गच्ची धुऊन चुना मारायला कुणी तयार नाही, तिथे एकट्या पांढऱ्या रंगावर भिस्त ठेवू नये, पाटी घालावी. कोकणातल्या उतरत्या छपराला तर हा उपाय लागूच पडत नाही. तिथे कौलांखाली हवेला वाट ठेवणे आणि माळ्यावर उष्णतारोधक थर देणे हेच काम.

सोलर पॅनेलांचा एक गुण कोणत्याही जाहिरातीत दिसत नाही: ती सावली देतात. अमेरिकेत सॅन डिएगो येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मोजणीत पॅनेलांखालच्या छतापर्यंत पोहोचणारी उष्णता सुमारे ३८ टक्क्यांनी कमी भरली आणि आतले छत जवळपास तीन अंश थंड राहिले. यात पॅनेलचाही स्वार्थ आहे. सिलिकॉनच्या पॅनेलची ताकद पंचवीस अंशांच्या वर दर अंशाला पाव ते अर्ध्या टक्क्याच्या दरम्यान घटते. मे महिन्यात पॅनेल साठ अंशांवर गेले की दहा-बारा टक्के वीज हवेत जाते. खालून वारा खेळेल एवढी फट ठेवली आणि खालची गच्ची पांढरी असली, तर छत पॅनेलला कमी भाजते आणि पॅनेल छताला सावली देते. एकमेकांच्या उपयोगी पडणाऱ्या या दोन गोष्टी आपण दोन वेगळ्या माणसांकडून, दोन वेगळ्या वर्षांत, एकमेकांना न विचारता करून घेतो.

आता मुख्य आक्षेप. सोलरची वीज एकदा फुकट झाली की उष्णता अडवण्यावर खर्च कशाला? पॅनेल दोन वाढवावीत आणि एसी बिनघोर चालवावा. हे म्हणणे वरवर बिनतोड आहे. त्याला पहिले उत्तर हिशेबाचे. महाराष्ट्रात एक किलोवॉट पॅनेल वर्षाच्या सरासरीने रोज चार युनिटच्या आसपास देते. तीन किलोवॉटची यंत्रणा महिन्याला साडेतीनशेच्या घरात. रात्री आठ तास चालणारा दीड टनी एसी आठ-दहा युनिट घेतो, म्हणजे महिन्याला अडीचशे-तीनशे. तीन किलोवॉटचे बहुतेक पीक एकच खोली खाऊन टाकते. उलट बाजूने पाहा: जुना पंचाहत्तर वॉटचा पंखा काढून तीसेक वॉटचा बीएलडीसी पंखा लावला, आणि घरात असे पाच पंखे रोज बारा तास फिरत असले, तर महिन्याला ऐंशी युनिट वाचतात. तेवढे युनिट पिकवायला पाऊण किलोवॉटच्या आसपास पॅनेल लागेल. बचतीचे युनिट पावसाळ्यात कमी होत नाही, त्यावर धूळ बसत नाही आणि त्याला नेट मीटर लागत नाही.

दुसरे उत्तर वेळेचे. घरगुती सोलरचे सगळे अर्थकारण नेट मीटरवर उभे आहे: दुपारी ग्रिडला दिलेले युनिट रात्री घेतलेल्या युनिटातून वजा. महावितरणच्या दरात शंभर युनिटपर्यंतचा आणि त्यापुढचा टप्पा यांत जवळपास दुपटीचा फरक राहत आला आहे, त्यामुळे वजावट आधी महागड्या युनिटांना लागते आणि गुंतवणूक लवकर वसूल होते. पण दुपारची वीज आणि रात्रीची वीज या एकाच किमतीच्या वस्तू राहणार नाहीत, याची नांदी झालेली आहे. केंद्राच्या २०२३ च्या ग्राहक हक्क नियमांनी सौर तासांत दर किमान वीस टक्के कमी आणि मागणीच्या तासांत जास्त, अशी दिशा ठरवून दिली. जितक्या जास्त गच्च्यांवर पॅनेल चढतील तितकी दुपारची वीज स्वस्त होत जाईल. बाजार म्हटला की हे आलेच, आवक वाढली की टोमॅटोचेही तेच होते. पॅनेलची हमी पंचवीस वर्षांची असते. आजची युनिटला युनिट वजावट पंचवीस वर्षे जशीच्या तशी राहील असे धरून घराची रचना करणे हे शेतकऱ्याने यंदाच्या भावावर पंचवीस वर्षांचे कर्ज काढण्यासारखे आहे. संध्याकाळची मागणी छतातच कापलेले घर मात्र दर कसेही फिरले तरी फारसे हलत नाही. शिवाय एक गोष्ट अनेकांना सोलर बसल्यावर कळते. बॅटरी नसलेली ग्रिडजोड यंत्रणा वीज गेली की स्वतःही बंद पडते. दुरुस्तीला खांबावर चढलेल्या वायरमनला आपल्या गच्चीवरून झटका बसू नये म्हणून तशी व्यवस्था केलेली असते, आणि ती योग्यच आहे. पण मे महिन्याच्या रात्री दोन तास वीज गेली, तर ज्याचे छत थंड त्याचीच झोप होते.

गरम पाण्याच्या बंबाला सोलर क्रांतीच्या धामधुमीत सगळेच विसरले आहेत, म्हणून त्याच्यासाठी चार ओळी. शंभर लिटरच्या सौर बंबाला दोन चौरस मीटर जागा लागते आणि तो वर्षाला हजारावर युनिटचा गीझर वाचवू शकतो; तेवढ्याच जागेत बसणारे पॅनेल सहाशे युनिटही देत नाही. ऊन थेट पाण्यात उतरवणे हे आधी वीज करून मग पाणी तापवण्यापेक्षा स्वस्तच पडणार. बोअरच्या जड पाण्याने नळ्यांत क्षार धरतो ही खरी अडचण, आणि जिथे पाणी तसे आहे तिथे बंब घेण्याआधी दोनदा विचार करावा. बाकी ठिकाणी गच्चीवरचा पहिला मान त्याचा. पुणे महापालिका मालमत्ता करात त्यासाठी सवलत देते, ती मागून घ्यावी.

हे सगळे स्वतंत्र घराला ठीक, फ्लॅटवाल्याचे काय? इथे आकडे स्पष्ट बोलतात. दहा मजली, मजल्याला चार फ्लॅट अशा इमारतीची गच्ची चार हजार चौरस फुटांची धरली, टाक्या, लिफ्टची खोली आणि वावरायची जागा वजा केली, तर अडीच हजार चौरस फूट उरतात. शंभर चौरस फुटांना एक किलोवॉट या जुन्या मापाने पंचवीस किलोवॉट. वर्षाचे पस्तीस हजार युनिट चाळीस घरांत वाटले की वाट्याला महिन्याला सत्तरेक युनिट येतात. लिफ्ट, पंप आणि जिन्यातले दिवे यांची सोय होते, आणि सामायिक वापरासाठी सोसायट्यांना किलोवॉटला १८ हजार अनुदानही आहे. पण घरातले बिल सोलरने मिटेल ही आशा उंच इमारतीत धरू नये. तिथे वरच्या मजल्याला छत आणि बाकीच्या सगळ्यांना पश्चिमेची भिंत व खिडकी हाच प्रश्न आहे, आणि त्या ठरतात नकाशावर. नकाशा काढून घेणारा बिल्डर बिल भरत नाही. बिल भरणारा नकाशा काढला तेव्हा तिथे नसतो. खरी गाठ इथे आहे. २०२२ च्या ऊर्जा संवर्धन दुरुस्तीने शंभर किलोवॉट जोडभाराच्या निवासी इमारतींनाही कायद्याच्या कक्षेत आणले. पण राज्य आणि महापालिका आपल्या बांधकाम नियमांत इको निवास संहिता उतरवून घेत नाहीत तोवर १.२ हा आकडा माहितीपत्रकातच राहतो. ग्राहकाने फ्लॅट पाहताना मॉड्युलर किचनच्या आधी ‘वरच्या स्लॅबवर काय काय थर आहेत?’ असे विचारले तरी पुष्कळ काम होईल. जुन्या सोसायट्यांनी गळतीला कंटाळून गच्चीवर उभारलेल्या पत्र्याच्या शेडचेही तसेच. सावली मिळते म्हणून ती चांगलीच, पण काळपट पत्रा स्वतः तापून खाली उष्णता फेकतो. पांढरा रंग दिलेला पत्रा घेतला आणि सांगाडा पॅनेलचे वजन व वारा धरून बांधला, तर गळती, ऊन आणि वीज ही तिन्ही कामे एकाच खर्चात बसतात.

सोलरची कौले, म्हणजे छपराचे कौलच वीज करणारे, हे २०१६ मध्ये टेस्लाने दाखवलेले स्वप्न दिसायला फार देखणे आहे. आपल्या हवेत त्याची अडचण देखणेपणात नाही, पाठीशी आहे: छपराला चिकटून बसलेल्या कौलाखाली वारा खेळत नाही, त्यामुळे ते जास्त तापते. किंमतही साध्या पॅनेलच्या कितीतरी पट. ज्याला कोकणातल्या बंगल्याचे रूप बिघडवायचे नाही आणि खिसा खोल आहे, त्याने घ्यावीत.

शेवटी सगळे येऊन ठेपते ते स्लॅब टाकण्याआधीच्या आठवड्यावर. वजनाची भीती उगाच घातली जाते. पॅनेल आणि सांगाडा मिळून चौरस मीटरला पंधरा-वीस किलो होतात, आणि वावरायची गच्ची दीडशे किलो धरून बांधतात. खरी भीती वाऱ्याची. भारतीय मानकात पुण्यासाठी धरलेला मूळ वारा सेकंदाला ३९ मीटर आहे, मुंबईसाठी ४४. ३९ चाच दाब चौरस मीटरला नव्वद किलोंच्या घरात जातो, म्हणजे एका मोठ्या पॅनेलला दोनशे किलोंहून जास्त जोराचा झटका. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने रायगड किनाऱ्यावर पत्रे कसे उडवले ते तिथल्या लोकांना आठवते. हा वारा धरून ठेवायला बोल्ट हवेत, म्हणून मागाहून वेंडर येतो आणि ते मारण्यासाठी तयार वॉटरप्रूफिंगला ड्रिल करतो. पुढच्या जूनमध्ये गळती कोब्याची की सोलरची, यावर दोघे ठेकेदार भांडतात. स्लॅबसोबतच काँक्रीटचे ठोकळे ओतून त्यांत बोल्ट पुरले, त्यांच्याभोवती वॉटरप्रूफिंग चढवले आणि वायरी उतरायला एक रिकामा पाइप भिंतीतून मीटरपर्यंत सोडला, की हे भांडण जन्मालाच येत नाही. खर्च काही पोत्यांचा. जिन्याची खोली आणि पाण्याची टाकी मात्र पॅनेलांच्या उत्तरेला हवी, आणि इथे वास्तुशास्त्र आडवे येते, कारण ते टाकी नैर्ऋत्येला सांगते. डिसेंबरात दुपारी साडेतीनला सूर्य नेमका नैर्ऋत्येकडे असतो आणि दहा फूट उंच टाकीची सावली सतरा फूट लांब, ईशान्येला पॅनेलांवर पडते. साखळीत जोडलेल्या एका पॅनेलवर सावली आली की सोबतच्या पॅनेलांचीही वीज ओढली जाते. तोडगे आहेत: टाकी नैर्ऋत्येलाच पण बुटकी आणि पसरट, किंवा पॅनेलांची रांग टाकीच्या दक्षिणेला सरकवलेली. घरमालक, वास्तुतज्ज्ञ आणि सोलरवाला यांना नकाशा समोर असतानाच एका टेबलाशी बसवावे, प्लंबर यायच्या आत.